सर्व्हिस ॲडव्हायझरवरून थेट सर्व्हिस-पार्ट्स हेड: नांदेडची ऑफर आहे, आधी काय तपासू?

लातूर_ॲडव्हायझर

नमस्कार मंडळी. लातूरला कार डीलरशिपमध्ये सीनियर सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. नांदेडच्या एका डीलरकडून सर्व्हिस आणि पार्ट्स दोन्ही मिळून हेडची जागा चालून आली आहे. फ्लोअर, कस्टमर, जॉब कार्ड (गाडीच्या कामाची नोंद) हे सगळं जमतं. पार्ट्सचा संबंध मात्र आजवर काउंटरला जाऊन "आला का?" विचारण्यापुरताच.

मालकांनी सांगितलेले आकडे असे: मेकॅनिकलचे १० बे (गाडी उभी करून काम करायच्या जागा), १६ टेक्निशियन, महिन्याला साधारण ९०० जॉब कार्ड, कंपनीच्या टाइमप्रमाणे (कंपनीने त्या कामाला ठरवलेला वेळ) जॉबमागे सरासरी २.२ तास. बॉडीशॉपला (डेंटिंग-पेंटिंग) महिन्याला शंभरेक गाड्या. पार्ट्सचा साठा ९५ लाखांचा, महिन्याचा खप खरेदी किमतीने ४२ लाख. परभणीला ३ बेचं छोटं आउटलेट, तेही याच जबाबदारीत.

मालकांचं म्हणणं, टेक्निशियन कमी पडतात, अजून चार घ्यावे लागतील. आणि एवढा साठा असूनही रोज "पार्ट नाही" म्हणून गाड्या अडतात.

प्रश्न तीन. पहिल्या महिन्यात नेमकं काय बघायचं? पार्ट्स कुठून शिकायला सुरुवात करू? आणि हो म्हणण्याआधी पत्रात काय लिहून घेऊ? "मेहनत करा, जमेल" सोडून सांगा.

---

गोदाकाठ_वर्कशॉप

अभिनंदन दादा. तुमच्याच आकड्यांवरून सुरुवात करू.

९०० जॉब भागिले २६ दिवस म्हणजे दिवसाला ३५ गाड्या. गुणिले २.२, म्हणजे रोज विकले जाणारे, म्हणजे बिलात लागणारे, तास ७७. सोळा जणांचे ८ तास धरले तर हातात असलेले तास १२८. म्हणजे विकलेला वेळ ६० टक्के. या आकड्यावर चार माणसं वाढवली तर तीच ३५ गाड्यांची कामं वीस जणांत वाटली जातील आणि टक्का ४८ वर येईल. माणसं कमी नाहीत. तास कुठेतरी गळतायत. ती जागा सापडेपर्यंत भरतीच्या कागदावर सही करू नका.

यात दोन वेगळी मापं आहेत, ती मिसळू नका. हजर तासांपैकी माणूस प्रत्यक्ष गाडीवर किती तास होता, हे एक. गाडीवर घालवलेल्या तासांत कंपनीच्या टाइमप्रमाणे किती तासांचं काम निघालं, हे दुसरं. पहिलं कमी असेल तर दोष टेक्निशियनचा नाही. तो पार्टची, ॲप्रूव्हलची किंवा बे रिकामा होण्याची वाट बघत उभा आहे. दुसरं कमी असेल तर ट्रेनिंग, टूल किंवा कामाचं वाटप चुकतंय. सीनियर माणूस ऑइल बदलतोय आणि नवखा क्लचला हात घालतोय, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. हे वेगळं काढायचं तर जॉब सुरू, जॉब थांबला, जॉब संपला या तीन वेळा सिस्टीममध्ये त्या त्या वेळीच पडल्या पाहिजेत. बहुतेक वर्कशॉपमध्ये सुपरवायझर संध्याकाळी एका दमात सगळे टाइम टाकतो. त्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. पहिला आठवडा फळ्यावर खडूने लिहून घ्या: गाडी थांबली का, कशासाठी, किती मिनिटं.

आता नांदेडची अडचण. किनवट, देगलूर, मुखेड, हदगावकडचा माणूस सकाळी निघतो, साडेदहा-अकराला गेटवर येतो आणि त्याला चारपर्यंत परत निघायचं असतं. शहरातलाही ऑफिसला जाता जाता त्याच वेळी गाडी टाकतो. मग अकरा ते दोन सगळे बे भरलेले, आणि सकाळी नऊला व दुपारी चारनंतर लोक चहा पितायत. मालकांना दिसतो तो अकराचा गोंधळ. म्हणून त्यांना वाटतं माणसं कमी आहेत. उपाय अपॉइंटमेंटच्या वाटपात आहे. लांबच्याला पहिला नंबर, आणि त्याचं जॉब कार्ड आदल्या संध्याकाळी फोनवरच अर्धं भरून ठेवायचं. शहरातल्याची गाडी सकाळी आणायला ड्रायव्हर पाठवा किंवा त्याला दीडनंतरचा स्लॉट द्या. मोठी कामं, म्हणजे क्लच, सस्पेन्शन, इंजिन, ज्यांची गाडी तशीही मुक्कामी राहणार आहे, ती सकाळच्या गर्दीत लिफ्टवर चढवायचीच नाहीत.

मालकांकडून एक आकडा मागून घ्या: सर्व्हिस, पार्ट्स आणि बॉडीशॉप मिळून जो ग्रॉस प्रॉफिट (विक्रीतून तिचा थेट खर्च वजा जाता उरलेली रक्कम) येतो, तो अख्ख्या डीलरशिपच्या ठरलेल्या खर्चाच्या किती टक्के आहे. उदाहरणार्थ भाडं, पगार, वीज, व्याज मिळून महिन्याला ४० लाख आणि या तिघांचा ग्रॉस प्रॉफिट २६ लाख असेल, तर ६५ टक्के. उरलेले ३५ टक्के नवीन गाड्यांच्या मार्जिनवर उभे आहेत. हा आकडा सांगता येत नसेल तर तुम्हाला टार्गेट कशाच्या आधारावर देणार, ते विचारा.

---

पार्ट्स_काउंटर_जालना

वरच्या भाऊंनी तासांचं सांगितलं ते बरोबर. फक्त तास गळतात त्यातला मोठा वाटा आमच्या खिडकीवर गळतो, म्हणून आधी स्टोअरचं बघा असं माझं मत.

९५ भागिले ४२ म्हणजे सव्वादोन महिन्यांचा साठा. ऐकायला बरा वाटतो, पण ही सरासरी आहे. पार्टनिहाय "शेवटचा इश्यू कधी", म्हणजे पार्ट स्टोअरमधून शेवटचा कधी दिला, हा रिपोर्ट काढा आणि रकमेचे चार भाग करा: ३ महिन्यांच्या आत हललेला, ३ ते ६, ६ ते १२ आणि वर्षभर न हललेला. शेवटच्या भागात २०-२५ लाख निघाले तर आश्चर्य नको. म्हणजे गाड्या प्रत्यक्षात उरलेल्या ७० लाखांवर चालतायत. साठा भरपूर आणि पार्ट नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात त्या अशा.

मेलेला माल येतो कुठून, तेही सांगतो. ॲक्सिडेंटच्या गाडीसाठी इन्शुरन्सच्या अप्रूव्हलआधीच मागवलेले बॉडी पार्ट, आणि मग गाडी टोटल लॉसमध्ये (दुरुस्ती परवडत नाही म्हणून) गेली. कस्टमरने तोंडी हो म्हटलं, ॲडव्हान्स घेतला नाही, तो फिरकलाच नाही. चेसिस नंबर न टाकता मॉडेलवरून पार्ट नंबर काढला, हॅलोजनच्या गाडीला एलईडी हेडलॅम्प आला, डाव्याऐवजी उजवा आला. आणि सगळ्यात मोठं कारण: महिन्याच्या शेवटी कंपनीचं खरेदी टार्गेट गाठायला उचललेला माल. बंपर, दरवाजे, डॅशबोर्ड यांत रक्कम पटकन भरते, म्हणून तेच उचलले जातात. ही खरेदी कोणाच्या सहीने होते ते पहिल्या आठवड्यात विचारा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. जॉब कार्डवर मागितलेल्या १०० ओळींपैकी (एक ओळ म्हणजे एक पार्ट) किती ओळी त्याच क्षणी रॅकमधून मिळाल्या, हे रोज मोजा. आणि जे मिळालं नाही त्याची नोंद सिस्टीममध्ये टाकायला लावा. सिस्टीम ऑर्डर सुचवते ती झालेल्या विक्रीवरून. मागितला पण मिळाला नाही तो पार्ट विकलाच गेला नाही, मग सिस्टीमच्या दृष्टीने त्याला मागणीच नाही. टेक्निशियन बाजारातून घेऊन येतो किंवा गाडी तशीच सोडतो, आणि तोच पार्ट पुढच्या महिन्यातही नसतो. काउंटरवाला "लॉस्ट सेल" टाकायचा कंटाळा करतो कारण त्यात त्याचीच उणीव दिसते. त्याला सांगा, नोंद केली म्हणून बोलणार नाही, नाही केली तर बोलेन.

ऑर्डरचं गणित अवघड नाही. एखादा ऑइल फिल्टर दिवसाला ९ लागतो, ऑर्डर टाकल्यापासून रॅकवर यायला ४ दिवस लागतात, तर ३६. वर दोन दिवसांचा सुरक्षित साठा १८. एकूण ५४. हातातला आणि वाटेतला माल मिळून ५४ च्या खाली आला की ऑर्डर. वाटेतला माल मोजायचा विसरला की तोच पार्ट दोनदा येतो. चार दिवस धरताना रविवार, सणाची सुट्टी आणि ट्रान्सपोर्टचा उतरवण्याचा वार बघा. पुण्याकडून निघालेला माल संभाजीनगरला लवकर पोचतो, नांदेडला पुढचा मुक्काम लागतो. कंपनीच्या कागदावरचे दिवस धरू नका, मागच्या वीस-पंचवीस बिलांवरची आणि जीआरएनची (माल उतरवून घेतल्याच्या नोंदीची) तारीख लावून खरे दिवस काढा. आणीबाणीच्या ऑर्डरला भाडंही पडतं आणि मार्जिनही कमी मिळतं. म्हणून त्या किती होतात हा स्टोअर बरं चाललंय की नाही याचा सरळ पुरावा.

उद्याच्या अपॉइंटमेंटचे पार्ट आज संध्याकाळी ट्रेमध्ये काढून जॉब नंबरची चिठ्ठी लावून ठेवायचे. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, प्लग आणि ड्रेन प्लगचा वॉशर. हा वॉशर काही रुपयांचा असतो आणि नेमका तोच नसला की गाडी लिफ्टवर लटकते.

मराठवाड्याचा हंगाम सिस्टीमला कळत नाही. ती मागचे तीन-चार महिने बघून सुचवते, म्हणजे फेब्रुवारीत थंडीतला खप दाखवते. एसीचे फिल्टर, कंडेन्सर फॅन, बेल्ट, कूलंट, बॅटरी यांची ऑर्डर होळीच्या आधी हाताने वाढवा. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडचा पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा सगळेच डीलर तेच मागत असतात. वायपर आणि ब्रेक पॅड मेअखेर. सोयाबीनचा पैसा हातात आला की दसरा-दिवाळीला टाळलेली कामं निघतात: टायर, सस्पेन्शन, क्लच. कच्च्या रस्त्याच्या धुळीने एअर फिल्टर ठरलेल्या किलोमीटरआधीच भरतात, तोही खप इथे जास्त धरायचा.

मोजणीचं: वर्षातून एकदा स्टोअर बंद करून मोजण्यापेक्षा रोज ४० पार्ट नंबर मोजा. २,४०० नंबर असतील तर ६० कामाच्या दिवसांत फेरी पूर्ण. फरक आला की त्याच दिवशी कारण शोधायचं. तिसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही.

ऑइलचा हिशेब वेगळा ठेवा. समजा ६०० गाड्यांचं ऑइल बदललं, सरासरी ३.६ लिटर, म्हणजे बिलात २,१६० लिटर. २१० लिटरचे ११ बॅरल रिकामे झाले तर गेले २,३१०. फरक १५० लिटर. लिटरला ३०० रुपये धरले तरी महिन्याला ४५ हजार. कधी चोरी असते, कधी ऑइल भरायच्या गनचं मीटर चुकीचं असतं, कधी ॲडव्हायझर टॉप-अप फुकट देतो. तिघांचा इलाज वेगळा, म्हणून आधी मीटर मोजपात्रात एक लिटर ओतून तपासा, मग माणसांकडे बघा.

जाता जाता, २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर जीएसटी २८ ऐवजी १८ टक्के झाला. जुन्या रॅकमध्ये जुन्या एमआरपीचं स्टिकर असलेला माल अजून निघतो. बिल नव्या दराचं आणि डब्यावर जुनी किंमत, यावरून काउंटरला वाद होतात. मोजणीसोबत तेही बदलून घ्या.

---

डेंटिंग_पेंटिंग_संभाजीनगर

बॉडीशॉपला सगळे विसरतात आणि मालकाचा पैसा तिथेच अडकतो.

महिन्याला शंभर गाड्या म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांकडे कायम काही लाख येणे असणार. गाडी डिलिव्हर झाली, पैसे आले नाहीत, अशी यादी ३०, ६०, ९० दिवसांप्रमाणे मागा. ९० च्या पुढची प्रत्येक फाईल हातात घेऊन बघा. बहुतेकांत कागद अपुरा असतो: कस्टमरची सही नसलेलं सॅटिस्फॅक्शन व्हाउचर (काम पटल्याचा कागद), डिलिव्हरी ऑर्डरपेक्षा (इन्शुरन्सने मंजूर केलेल्या रकमेच्या पत्रापेक्षा) जास्त रकमेचं बिल, किंवा नंतर सापडलेल्या डॅमेजला इन्शुरन्सच्या सर्व्हेअरची मंजुरीच नाही. हे तिसरं सगळ्यात घातक. गाडी पूर्ण उघडल्याशिवाय एस्टिमेट पाठवायचंच नाही. बंपर काढल्यावर रेडिएटर सपोर्ट आणि कंडेन्सर वाकलेला दिसतो, मग सप्लिमेंटरी (वाढीव) एस्टिमेट, मग पुन्हा सर्व्हे, पुन्हा पार्ट ऑर्डर, आणि कस्टमर रोज फोन करतो.

डेप्रिसिएशन, म्हणजे पार्टच्या किमतीतून इन्शुरन्स कापतो तो घसारा, तोंडपाठ हवं, कारण भांडण डिलिव्हरीच्या दिवशी होतं. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर-ट्यूब, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबर ग्लासवर ३०, काचेवर शून्य. धातूचे पार्ट गाडीच्या वयावर: सहा महिन्यांपर्यंत शून्य, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि पुढे ५० टक्के. पेंटिंगचं एकत्र बिल असेल तर त्यातला २५ टक्के भाग मटेरियल धरून त्याच्यावर ५० टक्के. शिवाय कंपल्सरी डिडक्टिबल (क्लेममध्ये कस्टमरने भरायची ठरलेली रक्कम) १,५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यावर २,०००. झिरो डेपची पॉलिसी असेल तर डेप्रिसिएशन सुटतं, डिडक्टिबल सुटत नाही. ॲडव्हायझरने गाडी आत घेतानाच कस्टमरच्या वाट्याची अंदाजे रक्कम लिहून सही घ्यावी.

इकडे ऊस गाळपाच्या दिवसांत रात्रीच्या ट्रॉल्या, आणि वर्षभर रोही (नीलगाय) नाहीतर रानडुक्कर, यांना धडकून समोरून ठोकलेल्या गाड्या येतात. समोरचा बंपर, ग्रिल, कंडेन्सर, रेडिएटर फॅन, हेडलॅम्प हा संच खपाच्या पहिल्या दोन-तीन मॉडेलचा ठेवायला हरकत नाही. दरवाजे, डिक्की, क्वार्टर पॅनल मंजुरीनंतरच.

पेंटचा खप ग्रॅममध्ये लिहिला जातो का बघा. मिक्सिंगच्या काट्यावरचं वजन आणि बिल झालेले पॅनल यांचा महिन्याला मेळ घातला नाही, तर पेंटचा नफा कागदावरच राहतो. बूथचे फिल्टर कधी बदलले तेही विचारा. धुळीचे दाणे बसले की पुन्हा पॉलिश, पुन्हा तास.

---

बीडचा_वॉरंटीवाला

सगळ्यांनी कामाचं सांगितलं, मी पत्राचं सांगतो. कारण मालक बोलताना लई गोड बोलतेत.

पहिलं: रुजू व्हायच्या दिवशी साठ्याची मोजणी, आणि वर्षभर न हललेल्या मालाचा आकडा दोघांच्या सहीने. ते नसलं तर सहा महिन्यांनी जुना मेलेला माल तुमच्या नावावर. तसंच बॉडीशॉपची जुनी येणी आणि आधीच्या वॉरंटी क्लेमचे डेबिट. कंपनीचं वॉरंटी ऑडिट मागची फाईल काढतं आणि पास झालेला क्लेमही परत वसूल करतं. तुमच्या तारखेआधीच्या जॉब कार्डचं डेबिट तुमच्या इन्सेंटिव्हमधून कापणार नाहीत, हे शब्दांत लिहून घ्या.

दुसरं: इन्सेंटिव्ह विक्रीवर नको, ग्रॉस प्रॉफिटवर घ्या. विक्रीवर ठेवला की डिस्काउंट वाटून विक्री वाढवायचा मोह होतो अन् मालक तुम्हालाच धरतो. तिसरं: अधिकार. डिस्काउंट किती टक्क्यांपर्यंत तुमच्या सहीने, पार्ट्स मॅनेजर कोणाला रिपोर्ट करणार, माणूस घ्यायचा-काढायचा निर्णय कोणाचा. पार्ट्सला मालकाचा भाचा बसलेला असला अन् तो थेट मालकाशीच बोलत असला, तर हेड फक्त पाटीवर. हे आधी विचारायला लाजू नका.

वॉरंटीत क्लेम का परत येतेत बघा: कस्टमरच्या शब्दांतली तक्रार एक अन् फेल्युअर कोड (क्लेममध्ये टाकलेला बिघाडाचा कोड) दुसराच. किलोमीटर जॉब कार्डवर वेगळं, फोटोत वेगळं. काढलेला पार्ट सापडत नाही, नाहीतर त्याला टॅग नाही. मुदत उलटून टाकलेला क्लेम. वॉरंटीच्या खोलीला एकच कुलूप, एकच किल्ली, प्रत्येक पार्टला जॉब नंबरचा टॅग, अन् कंपनीनं सांगेपर्यंत भंगारात काहीच नाही. दर महिन्याला टाकलेले क्लेम अन् आलेल्या क्रेडिट नोट जुळवा. बरेच जण टाकतेत, मिळालं का ते बघतच नाहीत.

अन् काळं ऑइल. ते वाटेल त्या टेम्पोवाल्याला रोखीत विकायलेत का ते आधी बघा. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात येतं, २०१६ च्या नियमांप्रमाणे. प्रदूषण मंडळाची परवानगी, अधिकृत रिसायकलरलाच विक्री, फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (कचरा नेल्याचा कागद), ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही, अन् ३० जूनपर्यंत फॉर्म ४ चं वार्षिक रिटर्न. हे कागद नसले तर नोटीस वर्कशॉपच्या हेडच्या टेबलावर येते. वॉशिंगच्या पाण्याचं ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) चालू आहे का नुसतं दाखवायला आहे, तेही. उन्हाळ्यात टँकर लागत असला तर तेच पाणी फिरवून वापरता येतं, खर्च वाचतो.

---

लातूर_ॲडव्हायझर

सगळ्यांचे आभार. चार माणसांचा विषय आता मालकांसमोर आकड्याने मांडतो. दोन गोष्टी राहिल्या. रुजू होतानाची मोजणी वर्कशॉप चालू असताना कशी करायची? आणि परभणीच्या आउटलेटला वेगळा साठा ठेवावा का?

---

पार्ट्स_काउंटर_जालना

मोजणी शनिवारी रात्री बिलिंग बंद झाल्यावर सुरू करून रविवारी संपवा. सुरू करण्याआधी तीन गोष्टी: वाटेतला आणि उतरलेला पण जीआरएन न झालेला माल बाजूला काढून त्याची वेगळी यादी, फ्लोअरवर इश्यू झालेला पण बिल न झालेला माल उघड्या जॉब कार्डप्रमाणे लिहून काढणं, आणि सिस्टीमचा साठा त्या वेळेला गोठवून प्रिंट घेणं. मोजणाऱ्याच्या कागदावर सिस्टीमचा आकडा छापू नका, नाहीतर तो तोच लिहितो. दोघांच्या जोड्या करा, एक स्टोअरचा आणि एक अकाउंट्सचा. फरक आला तर ती रॅक दुसऱ्या जोडीने पुन्हा मोजायची. उघड्या जॉब कार्डांत महिन्यापेक्षा जुनी निघाली तर त्यांची वेगळी यादी मालकांच्या सहीत घाला. त्यातल्या काही गाड्या कधीच्याच गेलेल्या असतात आणि पार्ट बिलच झालेले नसतात.

परभणीला फक्त नियमित सर्व्हिसचे फिल्टर, ऑइल, ब्रेक पॅड, बल्ब, वायपर, बॅटरी ठेवा. ३ बेला शंभर-सव्वाशे नंबर पुरतात. बाकी सगळं नांदेडहून रोज ठरलेल्या गाडीने, जॉब कार्ड नंबर टाकून सिस्टीममधून ट्रान्सफर करून. फोनवर "दोन पॅड पाठवून दे" आणि चिठ्ठीवर नोंद, हे पहिल्याच दिवशी बंद करा. दोन्हीकडचा साठा बिघडतो तो याच चिठ्ठ्यांनी. महिनाभर न हललेला पार्ट परभणीहून नांदेडला परत आणायचा, हाही नियम सोबतच लावा.